सत्तर टक्क्यांचा चढ

परवा टीव्हीवर पुन्हा डोंगर आले. फ्रान्समधली ती तीन आठवड्यांची सायकल शर्यत दर जुलैत असते. सुरुवातीचे दिवस बहुतेक सपाट रस्त्याचे: सूर्यफुलांची शेतं, खेड्यांतली चर्चं, वरून फिरणारं हेलिकॉप्टर. मग एका दुपारी पडद्याच्या तळाशी चढाची आकृती उमटते, करवतीच्या दातांसारखी. ती उमटली तेव्हा अक्कानं पलंगावरून नुसतं "हं" केलं आणि पाठीमागची उशी सरळ करून घेतली. बाहेर धारवाडचा पाऊस चालू होता, खिडकीबाहेर हात काढल्याशिवाय पडतोय की नाही ते कळत नाही तसला. आत ऑक्सिजनच्या मशीनची घरघर.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो, आणि मग अक्काचं लग्न राहून गेलं. आमच्याकडे त्याला असंच म्हणतात, 'राहून गेलं', एखादी पिशवी बसमध्ये राहून जावी तसं. तिनं भूगोल शिकवला, निवृत्त झाली, आणि दोन वर्षांपूर्वी तिची फुफ्फुसं कडक होत चालल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. ती पुन्हा मऊ होत नाहीत. मशीन हवेतून ऑक्सिजन गाळून नळीनं नाकाशी पोचवतं. त्याच्या काचेच्या नळकांड्यात एक छोटी गोळी तरंगत असते. गेल्या जुलैत ती दोनच्या रेघेवर होती, यंदा तीनच्या रेघेवर आहे, म्हणजे तिला जास्त ऑक्सिजन लागतो. दोन जुलैंमध्ये आमच्या खोलीत बदललेलं म्हणाल तर एवढंच.

मी तारिहाळच्या एका कारखान्यात कॉस्टिंग बघतो. आकड्यांशी माझं जमतं. आकडा खरा असला तर तो तुम्हाला फसवत नाही, असं मला वाटत आलंय आणि अजूनही वाटतं. गेल्या जुलैत मी कारखान्याला विनंती करून बरंचसं काम घरी आणलं होतं. बायको, मीना, कॉलेजात शिकवते, ती संध्याकाळी येई. म्हणजे दिवसभर वरच्या मजल्यावर आम्ही दोघंच. मी टेबलाशी, अक्का पलंगावर, आणि मध्ये जमिनीवरून गेलेली ती पारदर्शक नळी. नळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पुरते, गॅलरीपर्यंत पुरते. जिन्याच्या दारापर्यंत पुरत नाही.

अक्का टीव्हीकडे वळली ती डोंगरांमुळे. आयुष्यभर तिनं फळ्यावर आल्प्स काढला होता, तपकिरी खडूनं, सुरवंटासारखा. पिरेनीज त्याहून बारीक सुरवंट. चॅनेल बदलता बदलता ती नावं कानावर आली आणि ती म्हणाली, "थांब थांब. हा पिरेनीज? एवढा हिरवा?" मग समालोचकाचा आवाज बंद करून ती स्वतःच बोलू लागली. ढग कुठल्या बाजूनं येतायत, झाडं कुठल्या उंचीवर संपतात, ही दरी नदीनं कापलेली की हिमनदीनं. आवाज बंद असल्यामुळे एक विचित्र गोष्ट व्हायची. पडद्यावर माणसं तोंडं उघडी टाकून श्वास ओढत असायची आणि खोलीत धाप ऐकू यायची ती अक्काची.

मला आधी शर्यतीत काही रस नव्हता. मग पडद्यावर चढाचे टक्के दिसले. आठ टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की आठ मीटर वर. हे मला समजणाऱ्या भाषेत होतं.

पुढच्यांकडे मात्र अक्काचं कधी लक्ष नसे. "ते जिंकणारच आहेत. मागचे दाखव म्हणावं," ती म्हणायची. मागचे क्वचितच दाखवतात. पण दाखवले की ती सरसावून बसे. सपाट रस्त्यावर शेवटच्या क्षणी मुसंडी मारून जिंकणारे जे दांडगे असतात, त्यांना डोंगर झेपत नाही. अंगानं जड. अशा दिवशी ते सगळे मागे एकत्र होतात, कुठल्याही संघाचे असोत, आणि एका लयीत चढत राहतात. जिंकण्याचा प्रश्नच नसतो. वेळेच्या मर्यादेत वर पोचायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहता येतं. मर्यादा ठरते ती जिंकणाऱ्याच्या वेळेवरून, तीत काही टक्के मिळवून. त्यांच्यातला एखादा जुना सायकलस्वार मनात हिशेब करत बाकीच्यांना वेग सांगतो. आणि फारच उशीर झाला, पण सगळे एकत्रच उशिरा पोचले, तर पंच बऱ्याचदा सोडून देतात. इतक्या जणांना एकदम घरी कसं पाठवणार? एकटा मागे पडलेला मात्र जातो. सगळ्यांच्या मागून एक मोटार येत असते, थकून थांबलेल्यांना गोळा करत. अक्कानं तिला झाडूगाडी नाव दिलं होतं, आणि त्या घोळक्याला शेवटची बस.

"तो हिशेब करणारा म्हणजे तू," ती मला म्हणाली.

"आणि तू?"

"मी बसमध्ये. खिडकीजवळ."

त्या जुलैच्या आदल्या पावसाळ्यात दवाखान्यातून तिला घरी आणलं तो दिवस आमच्या गल्लीत अजून सांगतात. आमचं घर वडिलांनी बांधलेलं, आम्ही वर राहतो. खाली स्पर्धा परीक्षांच्या मुलांची अभ्यासिका भाड्यानं आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत मुलं रांगेत बसून वाचत असतात, इतकी गप्प की खाली कुणी आहे हे नुसत्या चपलांवरून कळतं. तर त्यांतल्या चौघांनी अक्काला खुर्चीत बसवून जिन्यानं वर आणलं. पाऊस भुरभुरत होता म्हणून मी तिच्या अंगावर चादर घातली. घरात सापडली ती पांढरी. समोरच्या फुलवाल्यानं ते पाहिलं, टोपी काढली, हात जोडले आणि ओळखीच्या कुणाला फोन केला. त्यानं अक्काच्या जुन्या शाळेला कळवलं. शाळेनं प्रार्थनेच्या पटांगणात दोन मिनिटं शांतता पाळली आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. तिसऱ्या प्रहरी मुख्याध्यापक हार घेऊन वर आले तेव्हा अक्का उपमा खात होती.

"बसा," ती म्हणाली. "हार राहू दे खुंटीला. सुट्टी दिलीत हे बरं केलंत. नोकरीत असताना मी कधी दिली नाही पोरांना."

हसायला आम्हीही हसलो. पण त्या दिवसानंतर अक्का खाली उतरलीच नव्हती. गरजच नव्हती. रक्त तपासायला मुलगा घरी यायचा, डॉक्टर फोनवर भेटायचे, औषधं, भाजी, वाचनालयातली पुस्तकं सगळं वर येई. वीज गेली तर इन्व्हर्टर होता, तो संपला तर मोठा सिलिंडर उभा. बोटाला लावायच्या चिमट्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला की जे काही चाललंय ते थांबवून बसायचं, हा डॉक्टरांनी घालून दिलेला नियम, आणि तो मी पाळत होतो. अक्का एकदा गॅलरीत उभी राहून म्हणाली, "सुधा, तू इतकी चोख व्यवस्था केलीस की मला खाली जायला कारणच उरलं नाही." मी ते कौतुक समजलो. कौतुकही असावं त्यात थोडं.

गॅलरीतून शेजारच्या गिरिजव्वाचं अंगण दिसतं. गिरिजव्वा अक्काच्याच वयाची, कन्नडमध्ये बोलते, अक्का तिला मराठीत उत्तर देते, आणि चाळीस वर्षं दोघींचं कुठेही अडलेलं नाही. गिरिजव्वा तिला 'अक्कोरे' म्हणते. आमच्या भागात शाळेतल्या बाईंना असंच म्हणतात. तिच्या अंगणात कडुलिंबाचं मोठं झाड आहे आणि पंचमीला त्याला झोका बांधतात. हा आमच्याकडचा मोठा सण. श्रावणात लेकी माहेरी येतात, भाऊ त्यांना आणायला जातो, मातीच्या नागाला दूध घालतात, शेंगदाण्याचे, तिळाचे, डाळीचे लाडू वळतात, आणि झाडाझाडांना झोके. ओल्या दोरखंडाचा करकर आवाज त्या दिवसांत साऱ्या गल्लीला ऐकू येतो.

अक्काला माहेर नव्हतं. म्हणजे होतं, पण ती तिथून कधी निघालीच नाही, तर येणार कुठून? पंचमीला ती लाडू वळायची, दुसऱ्यांच्या लेकींना झोके द्यायची. तिला आणायला कुणी कधी गेलं नाही, कारण ती घरातच होती. हे मी आज लिहितोय. गेल्या पंचमीपर्यंत ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

शर्यतीच्या शेवटच्या डोंगराच्या दिवशी, अक्का ज्याला पैलवान म्हणायची तो सायकलस्वार मागे पडला. त्याचं नाव आम्ही कधी नीट ऐकलंच नव्हतं, आवाज बंद असायचा ना. रुंद खांदे, गुडघ्याला पट्टी, पाठीवर नंबर. आदल्या डोंगरांवर तो शेवटच्या बसमध्ये असायचा, त्या दिवशी बसमधूनही सुटला. कॅमेरा त्याच्यावर आला तेव्हा तो एकटा होता, धुकं होतं, मागे थोड्या अंतरावर झाडूगाडी, दिवे लावलेली. रस्त्याकडेचे लोक घरी निघालेले. एका बाईनं मात्र थांबून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, छत्री काखेत धरून.

मी हिशेब केला. पुढच्यांचा वेग, उरलेलं अंतर, त्याचा वेग. "नाही पोचत," मी म्हणालो.

"थांब जरा."

"थांबून काय? हा वेग धरला तर मर्यादेच्या बराच पुढे जातो."

"मी म्हटलं थांब. तो थांबलाय का? मग तू कशाला थांबवतोस त्याला?"

कॅमेरा पुढे गेला. जिंकणारा जिंकला, फुलं, शॅम्पेन. पैलवानाचं काय झालं ते त्या दिवशी दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी फोनवर निकाल बघितला. मर्यादेच्या बाहेर. त्यानं ती मोटार घेतली नव्हती, शेवटपर्यंत सायकल चालवत गेला होता आणि तरी बाहेर. मी अक्काला सांगितलं. माझा हिशेब बरोबर आला होता, हे सांगितलं नाही. तिला ते कळलंच.

ती खिडकीकडे वळली. मग म्हणाली, "बाहेर गेला तो रस्त्यावरून तरी गेला." आणि लगेच, जणू तेच वाक्य पुढे चालू आहे अशा आवाजात, "पंचमीला मी खाली जाणार. झोक्यावर बसणार. आणि माझ्या पायांनी वर येणार."

मी नाही म्हणालो. नाही म्हणायला माझ्याकडे कारणं होती आणि ती आजही खोटी ठरलेली नाहीत. खोलीतल्या खोलीत न्हाणीघरापर्यंत जाऊन आली तरी तिचा आकडा घसरत होता. उतरणं होईल, चढणं कसं? शेवटचं अस्त्र म्हणून मी पट्टी घेऊन जिन्यात गेलो आणि मोजून आलो.

"पायरी सात इंच उंच, दहा इंच खोल. म्हणजे चढ किती झाला? सत्तर टक्के. तुझा पैलवान आठ टक्क्यांवर मेला."

अक्काचा चेहरा उजळला. मला अपेक्षित होतं त्याच्या उलट. "सत्तर? खरंच सत्तर?" तिनं मीनाला हाक मारली. "मीना, ऐकलंस का? आल्प्समध्ये नाही असला चढ आपल्या घरात आहे."

मीना म्हणाली, "आणि आम्ही रोज त्यावरून दळण आणतो."

मग तालीम सुरू झाली. अक्का पलंगावरून उठायची, बसायची, पुन्हा उठायची. गॅलरीत फेऱ्या. मध्ये थांबून ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडायचा, फिजिओथेरपिस्टनं शिकवलेला. मी चिमटा घेऊन मागे मागे. आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला की "बस" म्हणायचो, ती बसायची, नव्वदीच्या वर गेला की पुन्हा उठायची. नियम तिनं एकदाही मोडला नाही. हे मला जास्त अवघड गेलं. तिनं हट्टानं नियम मोडला असता तर मला अडवता आलं असतं. एका बाजूनं खालच्या अभ्यासिकेत मुलं डोकं खाली घालून बसलेली, दुसऱ्या बाजूनं वर अक्का उठबस करतेय, आणि मध्ये मी, एकाच विचाराभोवती फिरत: ती खाली अडकली तर?

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "छोटा सिलिंडर बरोबर ठेवा, घाई करू नका, आणि आकडा बघा." बंदी करतील ही माझी आशा होती. अभ्यासिकेच्या चालकालाही विचारून पाहिलं, खालची एखादी खोली देता का, म्हणजे हा प्रश्नच मिटेल. तो भला माणूस. म्हणाला, "परीक्षा संपू द्या सर, मग बघू." धारवाडात परीक्षा संपली असं कधी होत नाही. यंदाही तेच उत्तर आहे, आणि यंदा अक्का पंचमीचं नाव काढत नाही. तीनच्या रेघेवर डॉक्टर जिन्याला नाही म्हणतात. आता माझ्या बाजूनं डॉक्टर आहेत, आकडे आहेत, आणि वाद घालायला समोर कुणी नाही.

पण गेल्या पंचमीला ती उतरली. हिरवी इरकल नेसून, एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर. मीना पुढे उलटी उतरत होती. पायरीला थांबत, वळणावर स्टुलावर बसत. अभ्यासिकेतली मुलं वाचन टाकून दारात आली होती. शेवटच्या पायरीवरून तिनं पाय जमिनीवर टेकला, चप्पल न घालता, ओल्या लाल मातीत, आणि जरा वेळ तसाच ठेवला.

"बर्री अक्कोरे, बर्री," गिरिजव्वा फाटकातूनच हाका मारून बोलावत होती. तिच्या लेकी आल्या होत्या, अंगण भरलेलं. झोक्याच्या फळीवर घोंगडी घातली होती. अक्का बसली. आता प्रश्न सिलिंडरचा. मांडीवर ठेवला तर ती दोर धरू शकेना, आणि नळी आखूड. तेव्हा मी सिलिंडर हातात घेऊन बाजूला उभा राहिलो. लेकींनी हलकेच झोका दिला. अक्का पुढे गेली की मी पुढे, मागे आली की मी मागे. अंगणातल्या सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"सुधाकरअण्णा," गिरिजव्वा म्हणाली, "तुम्हीच बसा की झोक्यावर, अक्कोरू ढकलतील तुम्हाला."

"त्याला नको," अक्का पुढे जाता जाता म्हणाली. "त्याला पायाखाली जमीन लागते."

शर्यतीत संघाची मोटार अशीच स्वाराच्या बाजूनं चालते, पाणी देत, सूचना देत. माझ्याकडे द्यायला फक्त सूचना होत्या आणि त्या कुणी ऐकत नव्हतं. झोका तसा लहानच, हातभर पुढे, हातभर मागे. तिच्या चेहऱ्यावर पानांतलं पाणी टपकत होतं. चिमट्याचा आकडा बघायला माझा हात रिकामा नव्हता.

लाडू झाले, चहा झाला, आणि वर जायची वेळ आली. अक्का जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली, दोन पायऱ्या चढली आणि थांबली. श्वास लागला होता. चंबू करून तिनं तो सोडला, पुन्हा घेतला. आकडा खाली आला, बसवलं, वर येईना. झोका, गर्दी, बोलणं, सगळ्याचा थकवा. मागे ती चार मुलं खुर्ची घेऊन तयार उभी होती. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून आली होती.

अक्कानं वळून खुर्चीकडे बघितलं. "चौघांनी उचलायचं ते एकदाच," ती मुलांना म्हणाली. "आणि माझं ते झालंय. शाळेला सुट्टीसुद्धा मिळाली."

मुलं ओशाळून हसली.  तेवढ्यात गिरिजव्वा पुढे आली आणि तिनं अक्काच्या दंडाला धरलं. ती काय म्हणाली ते मराठीत असं होतं: "पंचमीला आलेली बाई त्याच दिवशी परत जाते होय? माझ्याकडे राहा. तुझा भाऊ येईल न्यायला."

 मला वाटलं होतं अक्का नको म्हणेल, संकोचेल. तिनं माझ्याकडे न बघताच सांगितलं, "सुधा, मशीन खाली आण. आणि माझ्या दोन साड्या."

ते जड मशीन मी आणि मुलांनी उतरवलं, गिरिजव्वाच्या पुढच्या खोलीत लावलं. वीज गेली तर काय, याची व्यवस्था केली, मोठा सिलिंडर आणला, गिरिजव्वाच्या नवऱ्याला, बसप्पांना, सगळं दोनदा समजावलं. मग वर आलो. घरात इतकी शांतता होती की माझाच श्वास मला ऐकू येत होता. वर्षभरात पहिल्यांदाच कुठेही जायला मोकळा होतो. कारखान्यात जाता आलं असतं, दाजीबानपेठेत काम होतं, एक जुना मित्र कधीपासून बोलावत होता. मी अक्काच्या पलंगावर बसून राहिलो. गॅलरीत गेलो, आत आलो. टीव्ही लावला, शर्यत केव्हाच संपली होती. थोड्या वेळानं पुन्हा गॅलरीत गेलो आणि अंगणात आवराआवर करणाऱ्या गिरिजव्वाला विचारलं, "आकडा किती आहे?"

"कसला आकडा? दोन भाकऱ्या खाल्ल्या. आता झोपल्यात."

"झोपेतला बघा जरा."

"अण्णा," ती वर बघून म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

असे काही दिवस गेले. मी दिवसातून चारदा जाऊन यायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा अक्का म्हणाली, "सारखा काय येतोस? माहेरी आलेय ना मी?" बाकीच्या लेकी एकेक करून सासरी गेल्या. रक्त तपासणारा मुलगा यायचा दिवस उद्यावर आला, डॉक्टरांनाही आकडे हवे होते. म्हणून मी न्यायला गेलो. मीना म्हणाली, "असे जाऊ नका. सदरा बदला." मी सदरा बदलला, केळी आणि फुलं घेतली आणि शेजारच्या घरी गेलो, पन्नास पावलं नसतील.

अक्का बसप्पांच्या आरामखुर्चीत होती. मला बघून ती, त्या सगळ्या लेकी म्हणतात तसंच, म्हणाली, "अजून दोन दिवस राहू दे की."

"उद्या रक्त आहे," मी म्हणालो. भावानं काय म्हणायचं असतं ते मला माहीत नव्हतं. कधी म्हटलंच नव्हतं.

ती आत जाऊन निघायची साडी नेसून आली. गिरिजव्वानं पाट मांडला होता. सासरी जाणाऱ्या लेकीची ओटी भरतात. गिरिजव्वा तांदूळ, नारळ, खण घेऊन उभी होती, आणि एक क्षण सगळेच थबकलो. अक्का कुमारिका, अडुसष्ट वर्षांची. असली ओटी लग्न झालेल्या बाईची. गिरिजव्वाची सून हळूच काही म्हणू लागली. गिरिजव्वानं तिच्याकडे बघितलंही नाही. "माझ्या घरून चाललीय," ती म्हणाली, आणि पाचदा ओंजळ भरून तांदूळ अक्काच्या पदरात घातले, वर नारळ, खण, विड्याची पानं, लाडू.

आम्ही जिन्याशी आलो. मशीन मुलांनी आधीच वर नेलं होतं. मी पदराकडे हात केला. नारळ, तांदूळ, सगळं मिळून दीड-दोन किलो तरी होतं. डोंगर सुरू होण्याआधी ते सायकलस्वार पाण्याच्या बाटल्यासुद्धा फेकून देतात, वजन नको म्हणून. हे तिनंच मला दाखवलं होतं.

"दे इकडे ते."

"ओटी दुसऱ्याकडे देतात का?" ती म्हणाली आणि पदराची गाठ कमरेला खोचली.

ती चढली. एक पायरी, श्वास, दुसरी पायरी, श्वास, मग स्टूल. मी मागे सिलिंडर घेऊन, मीना पुढे. आकडा उतरला की बसलो, वर आला की उठलो. वळणावर इतका वेळ बसलो की खालची मुलं चहा पिऊन परत आली.  वरच्या पायऱ्यांना तिचे ओठ निळसर दिसू लागले आणि मी खुर्चीसाठी खाली हाक मारणार, एवढ्यात तिनं माझं मनगट धरलं. जोर नव्हता त्यात, पण मी हाक मारली नाही. शेवटच्या तीन पायऱ्या तिनं बसून चढल्या, पायरीवर टेकायचं, हातांनी अंग वर घ्यायचं, पुन्हा टेकायचं, एक हात सतत पोटाशी, नारळावर. दारातून तिला उभं करून आत आणलं.

पलंग तसाच होता, टीव्ही तसाच, गॅलरीचं दार, उशी. मी मशीन सुरू केलं, घरघर खोलीत परत आली. अक्का पलंगावर बसली, ओटी मांडीवर, आणि सगळीकडे एकदा सावकाश बघून घेतलं, वडिलांनी बांधलेल्या ज्या घरात ती जन्मापासून राहत आली त्या घराकडे. बोलण्याइतका श्वास जमायला तिला बराच वेळ लागला.

"झालं," ती म्हणाली. "आले सासरी."

आणि नळीसाठी हात पुढे केला.